चक बदलायच्या आधी डायल लावा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात डायल गेजवर (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापाचं साधन) लिहिलं होतं, त्यानंतर पत्रांचा आणि मेसेजचा पूर आला आणि त्यातले निम्मे तरी लेथच्या चकबद्दल, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या भागाबद्दल होते. म्हणून यावेळी फक्त चकच घेतोय. बाकीच्यांनी थोडं थांबा, वेल्डिंगचे प्रश्न पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : आमच्याकडे २०० एमएमचा थ्री जॉ ट्रू चक (तिन्ही जॉ, म्हणजे पकडणारे जबडे, एकदम हलतात तो) आहे, चांगला वापरलेला. ४० एमएमच्या बारला डायल लावला की १२ डिव्हिजन फिरतो, म्हणजे ०.१२ एमएम. नवीन अ‍ॅडजस्टेबल चकची, म्हणजे सेंटर सरकवून लावता येतो त्याची, किंमत ऐकून गप्प बसलो. शेजारचे मिस्त्री म्हणतात बॅकप्लेटचा (चक स्पिंडलला जोडणारी प्लेट) स्पिगॉट (चकच्या खाचेत बसणारा उंच गोल भाग) थोडा उतरवला की आपलाच चक अ‍ॅडजस्टेबल होतो. खरंच होतो का? आणि कट घेताना सरकला तर? (शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर)

होतो हो दादा, आणि नीट केला तर फार छान होतो. पण स्पिगॉटला टूल लावायच्या आधी ते ०.१२ नेमकं येतंय कुठून ते शोधा, कारण या पद्धतीने फक्त एकाच प्रकारचा आउट (फिरताना सेंटर सोडून हलणं) जातो.

पहिली गोष्ट, डायल ब्राइट बारला लावू नका. बार स्वतःच कुठे गोल असतो, थोडा वाकडा पण असतोच. एखादी ग्राइंड केलेली पिन घ्या, जुन्या डायसेटची गाइड पिलर असेल तर उत्तम. ती चकमध्ये धरा आणि डायल दोन ठिकाणी लावा, एकदा जॉच्या अगदी तोंडाशी आणि एकदा १०० एमएम पुढे. दोन्हीकडे साधारण सारखाच आउट आला आणि हाय स्पॉट (काटा सगळ्यात वर जातो ती जागा) पण एकाच बाजूला असला तर चक सेंटरवरून बाजूला सरकलाय, हा आजार अ‍ॅडजस्टेबल करून जातो. पण तोंडाशी ०.०३ आणि पुढे ०.१५ असं आलं तर जॉब तिरका धरला जातोय, जॉ झिजलेत किंवा बॅकप्लेटचा फेस आउट आहे, तिथे मागून कितीही ढकला, काही फायदा नाही. अजून एक, डायल ०.१२ दाखवतो तेव्हा सेंटर ०.०६ नेच हललेलं असतं, म्हणजे ढकलायचं ते ०.०६. हे डोक्यात ठेवलं नाही की माणूस एकदा इकडे एकदा तिकडे करत बसतो.

आता हा आउट मुळात का येतो ते बघू. ट्रू चकच्या आत एक गोल प्लेट असते, स्क्रोल. तिच्या पुढच्या तोंडावर स्पायरल कापलेला असतो आणि पाठीमागे बेव्हल दाते. आपण चावी फिरवतो ती छोट्या पिनियनला, पिनियन स्क्रोलला फिरवतो, आणि स्पायरलमध्ये अडकलेले तिन्ही जॉ एकदम आत-बाहेर होतात. स्क्रोल बॉडीच्या मधल्या हबवर फिरतो आणि तिथे थोडा तरी गॅप ठेवावाच लागतो, नाहीतर जाम होईल. तो गॅप वर्षानुवर्षं वाढत जातो. त्यात तुम्ही एकाच भोकात चावी घालून आवळता तेव्हा पिनियन स्क्रोलला एका बाजूला दाबतो, दुसऱ्या भोकातून आवळलं की दुसऱ्या बाजूला. म्हणून आज एक आउट आणि उद्या वेगळा. यावर बिनपैशाचा उपाय आहे, एकाच पिनवर तिन्ही भोकांतून आवळून डायल बघा, जे भोक सगळ्यात कमी आउट देतं त्यावर पंचने खूण करा आणि कायम शेवटचं आवळणं त्याच भोकातून. बऱ्याच चकवर कंपनीचीच खूण असते, तेलाच्या थराखाली दिसत नाही एवढंच. हे नक्की करून बघा, कधीकधी नुसत्या याच्यावरच चार-पाच डिव्हिजन कमी होतात.

एवढं करूनही राहिलं तर मग बॅकप्लेट. माझं स्पष्ट मत, आहे ती बॅकप्लेट तशीच राहू द्या आणि नवीन कास्टिंग आणून स्वतःच्याच स्पिंडलवर चढवून मशीन करा. फेस आधी घ्या, डायल लावून बघा, फेसला काटा हलता कामा नये. मग स्पिगॉट चकच्या खाचेपेक्षा डायामीटरवर ०.३ ते ०.४ ने कमी ठेवा. म्हणजे खाच १६० असेल तर स्पिगॉट १५९.६ ते १५९.७. जास्त ढिला करून काही मिळत नाही, ०.०६ हलवायला एवढी जागा भरपूर झाली. एम-१० चे तीन बोल्ट असतात, त्यांच्या भोकात पण तेवढा ढिलेपणा लागतो, ११ चं भोक असेल तर पुरतं. बोल्ट हलके आवळायचे, पिनवर डायल लावायचा, हाय स्पॉट वर आणून नायलॉनच्या हातोड्याने चकच्या बॉडीवर टिचकी मारायची, काटा निम्म्यावर आला की बोल्ट थोडे थोडे आलटून पालटून पक्के करायचे आणि पक्के केल्यावर परत एकदा डायल. पक्के करताना एक-दोन डिव्हिजन हलतंच, ते परत काढावं लागतं.

सरकण्याचं म्हणाल तर हिशोब करू. ८.८ ग्रेडचा एम-१० बोल्ट ४५-५० न्यूटन मीटरला आवळला की साधारण दोन ते अडीच टन दाब देतो, तीन बोल्टचे मिळून सात टनांच्या आसपास. तुम्ही एमएसमध्ये (साध्या स्टीलमध्ये) २ एमएमचा कट ०.२ फीडने घेता तेव्हा टूलवर येणारा जोर ८०-१०० किलोच्या घरात असतो. म्हणजे साध्या कटिंगने चक सरकत नाही. सरकतो तो जॉ टूलपोस्टला धडकला की, किंवा चौकोनी जॉबवर ठोके बसत जोरात कट घेतला की, किंवा चकमध्ये जॉब धरून त्याच्यावर घण मारला की.

म्हणून हातोड्याच्या पद्धतीवर न थांबता स्क्रू द्या असं मी सांगेन. विकतच्या अ‍ॅडजस्टेबल चकमध्ये हेच असतं, बॉडीच्या मागच्या भागात बाहेरून आत जाणारे स्क्रू, ते स्पिगॉटवर दाबतात. तुमच्या साध्या चकची खाच जेमतेम पाच एमएम खोल असते, तिथे स्क्रूला धड जागा नाही आणि कास्टिंग पण पातळ, बॉडीला भोकं पाडायचा मोह टाळा. त्याऐवजी बॅकप्लेटच मोठी घ्या, २३०-२३५ ची, आणि चकच्या बॉडीभोवती १२-१५ एमएम उंचीची कड ठेवा. त्या कडेत चार ग्रब स्क्रू (डोकं नसलेले), एम-८ चे पण १ एमएम पिचचे, म्हणजे स्क्रू ३.६ अंश फिरवला की चक १० मायक्रॉन हलतो, नुसता अ‍ॅलन कीला हात लावल्यासारखं. स्क्रू चारच ठेवा, तीन नको. चार असले की समोरासमोर जोडी मिळते, एक ढिला करायचा आणि समोरचा आवळायचा, अगदी डॉग चक (चार जॉ, प्रत्येक वेगळा हलणारा) ट्रू करतो तसं. स्क्रूच्या टोकाला पितळेचा तुकडा घाला म्हणजे बॉडीत खड्डा पडत नाही, आणि प्रत्येक स्क्रूच्या मागे दुसरा ग्रब स्क्रू लॉक म्हणून. एकही स्क्रू कडेच्या बाहेर अर्धा एमएमसुद्धा येता कामा नये. फिरत्या चकवरचा बाहेर आलेला स्क्रू बाही पकडतो, आणि त्यानंतर वेळ मिळत नाही. कड सगळीकडे जाड ठेवा, कास्टिंगमध्ये ब्लो होल दिसला तर तो पीस सरळ भंगारात, आणि पहिल्यांदा फिरवताना कमी आरपीएमवर, समोर उभं न राहता.

आता मर्यादा. हे सगळं करून ४० वर एक-दोन डिव्हिजनमध्ये आणलं म्हणजे २५ वर पण तसंच येईल असं धरू नका. डायामीटर बदलला की जॉ स्पायरलच्या दुसऱ्या जागी जातात आणि तिथली चूक वेगळी असते. एकाच साइजचे दोनशे पीस करायचे असतील तर ही सोय सोन्यासारखी आहे, सकाळी एकदा सेट केलं की दिवसभर बघायला नको. पण तासातासाला साइज बदलत असेल तर दर वेळी चार स्क्रू फिरवायला लागतील, त्यापेक्षा डॉग चक बरा, किंवा २० एमएमपर्यंतच्या कामाला ईआर-३२ कॉलेट (जॉबला चहूबाजूंनी आवळणारी फटींची नळी).

प्रश्न : जॉ तोंडाशी झिजलेत असं वाटतंय, लांब जॉब पुढे डोलतो. टूलपोस्टला ग्राइंडर लावून जॉ ग्राइंड करायचा विचार आहे. जॉ नुसते उघडे ठेवून घासले तर चालेल? (मिरज)

उघडे ठेवून अजिबात नको, मेहनत वाया जाईल. आधी खात्री करा. ग्राइंड केलेली पिन हलक्या हाताने धरा आणि प्रत्येक जॉखाली पतंगाच्या कागदाची पट्टी ठेवून बघा, एक जॉच्या तोंडाशी, एक आत. आतली पट्टी घट्ट आणि तोंडाची अलगद निघून येते, तर जॉ पुढे फाकलेत. हे होणारच असतं, कारण आपण जॉब बहुतेक वेळा जॉच्या टोकाच्या दहा-पंधरा एमएममध्येच धरतो, तिथेच सगळा जोर.

जॉला बॉडीच्या खाचेत आणि स्क्रोलच्या दात्यात थोडा प्ले असतो. जॉब धरल्यावर तो प्ले एका बाजूला बसतो आणि जॉ थोडा मागे कलतो. ग्राइंड करताना पण जॉ तसाच कललेला पाहिजे, तरच धरताना तो सरळ बसेल. मोकळे जॉ घासले तर मोकळ्या अवस्थेत सरळ आणि जॉब धरला की परत फाकलेले. बरेच लोक जॉच्या अगदी आत, मुळाशी एक रिंग पकडतात आणि बाहेरचा भाग ग्राइंड करतात, त्याने प्ले जातो पण कल येत नाही कारण जोर मागे पडतो. त्यापेक्षा ८-१० एमएमची एक प्लेट घ्या, तिला तीन भोकं अशी पाडा की जॉचं टोक भोकात थोडं घुसेल आणि जॉच्या दोन्ही कडा प्लेटला पकडतील, पण मधली जॉब धरायची पट्टी मोकळी राहील. मध्ये ग्राइंडिंग व्हील जायला मोठं भोक. ही प्लेट जॉच्या तोंडाशी आवळायची, नेहमी जेवढं आवळता तेवढंच, आणि मग घासायचं. तोंडाशी जी एक-दोन एमएमची पट्टी प्लेटखाली राहते ती नंतर वेगळी उतरवून टाका.

जॉ हार्ड असतात, टूलने जायचे नाहीत, व्हीलच लागेल. एका वेळी एक-दोन डिव्हिजनच द्या आणि शेवटी फीड न देता स्पार्क थांबेपर्यंत फिरवा. आणि कृपा करून बेड पूर्ण झाका, ओल्या कापडाने. ग्राइंडिंगची धूळ गाइडवेवर गेली तर जॉच्या दुरुस्तीपेक्षा मोठा खर्च पुढे उभा राहतो. झाल्यावर चक पूर्ण खोला, डिझेलने धुवा, स्क्रोलच्या प्रत्येक गाळ्यातून ब्रश फिरवा. परत जोडताना जॉ एक, दोन, तीन याच क्रमाने, नंबर जॉवर आणि खाचेवर दोन्हीकडे असतात. ग्रीस थोडंच. कास्ट आयर्नचं काम जास्त असेल तर जास्तीचं ग्रीस आणि ती काळी पूड मिळून आत घासायची पेस्टच तयार होते.

प्रश्न : सीएनसीवर हायड्रॉलिक चक आहे. १५०० आरपीएमला जॉब व्यवस्थित, ३००० ला गेलो की चॅटर (थरथर) येतो आणि एकदा जॉब फिरलेला पण दिसला. प्रेशर तर तेवढंच आहे. (अंबड, नाशिक)

प्रेशर तेवढंच आहे पण पकड तेवढी राहिलेली नाही. जॉ फिरताना बाहेर फेकले जातात, आणि हा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. एक उदाहरण घ्या, बेस जॉ आणि त्यावरचा सॉफ्ट जॉ (जॉबच्या मापाला कापून घेता येणारा) मिळून १ किलो, आणि त्यांचं वजन सेंटरपासून ६० एमएमवर. २००० आरपीएमला एक जॉ साधारण २६८ किलोच्या जोराने बाहेर ओढतो, ३००० ला तोच आकडा ६०० किलो. हे प्रत्येक जॉचं झालं, तीनने गुणा. बाहेरून जॉब पकडला असेल तर हे सगळं तुमच्या पकडीतून वजा. आतून, म्हणजे बोअरमध्ये पकडला असेल तर उलट पकड वाढते, आणि पातळ जॉब असेल तर फुगतो.

तेव्हा सगळ्यात आधी सॉफ्ट जॉ हलके करा. उंच आणि जाड जॉ नुसते पडून आहेत म्हणून लावले जातात, त्यातलं नको ते मटेरियल मागून कापून टाका, आणि जॉ शक्य तेवढे सेंटरजवळ येतील अशा सेरेशनवर (दातेरी खाचांवर) बसवा. मग ग्रीसिंग. या चकमध्ये वेजवर (तिरक्या पाचरीवर) जॉ सरकतो, तिथे कोरडं पडलं की सिलिंडरचा जोर घर्षणातच जातो आणि जॉबपर्यंत पोचत नाही, मॅन्युअलमध्ये दिलेलं मॉलिब्डेनमवालं ग्रीस वेळेवर द्या. कायम याच स्पीडला काम असेल तर काउंटर सेंट्रिफ्युगल चक मिळतो, त्यात आत वजनं असतात, ती बाहेर जायला बघतात तेव्हा लिव्हरमधून जॉला आत दाबतात. खर्चिक आहे. तोपर्यंत स्पीड खाली आणा. चकवर जास्तीत जास्त आरपीएम कोरलेला असतो, पण तो कंपनीच्या ठरलेल्या जॉला आणि पूर्ण प्रेशरला, तुमच्या मोठ्या जॉला तो लागू नाही. आणि जॉब एकदा फिरलाय म्हणताय, तर हे दुरुस्त होईपर्यंत दाराच्या काचेसमोर कोणाला उभं करू नका.

प्रश्न : सर, मी मेकॅनिकल डिप्लोमा लास्ट इयरला आहे. प्रोजेक्टसाठी "सुधारित लेथ चक" घेतलाय. स्क्रोलपेक्षा चांगली मेकॅनिझम करता येईल का? (कराड)

विषय चांगला निवडलास, आणि जुना पण आहे. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या सायमन फेअरमन यांनी १८४० मध्ये तिन्ही जॉ एकदम हलवणाऱ्या चकचं पेटंट घेतलं, पुढे त्यांचे जावई ऑस्टिन कुशमन यांनी चकचा कारखानाच उभा केला. तेव्हापासून स्क्रोलची मूळ अडचण तीच आहे, ती आधी समजून घे. स्पायरल आतल्या बाजूला जास्त वळलेला असतो आणि बाहेर जाताना सपाट होत जातो. जॉचा दाता मात्र एकाच गोलाईचा कापलेला. मग तो सगळ्या जागी पूर्ण टेकणार कसा? बहुतेक ठिकाणी स्पर्श एका बारीक रेषेवरच होतो, सगळा जोर त्या रेषेवर, म्हणून झीज आणि म्हणून आउट.

यावर जगात दोन वाटा निघाल्या. एक वेज बारची. चावीने एक स्क्रू फिरतो, तो एका तिरक्या दात्यांच्या बारला सरकवतो, आतली रिंग बाकीच्या दोन बारना तेवढंच सरकवते, आणि जॉच्या पाठीवर तसेच तिरके सरळ दाते. सरळ दात्यावर सरळ दाता, म्हणजे अख्खा पृष्ठभाग टेकतो. पकड जास्त, झीज कमी, आणि बार बाजूला घेतला की जॉ पटकन काढून उलटा लावता येतो. तोटा असा की जॉ एका सेटिंगमध्ये थोडाच सरकतो. दुसरी वाट कॉम्बिनेशन चकची, खालचे जॉ स्क्रोलवर एकदम हलतात आणि वरच्या प्रत्येक जॉला स्वतःचा स्क्रू, म्हणजे ट्रू चक आणि डॉग चक एकात. पण थर वाढले की चक जाड होतो, जॉब स्पिंडलच्या बेअरिंगपासून लांब जातो आणि कडकपणा कमी होतो.

माझा सल्ला, अख्खी नवीन मेकॅनिझम बनवायच्या मागे लागू नकोस, एका सेमिस्टरमध्ये हार्डनिंग आणि ग्राइंडिंगसकट ते नीट होत नाही आणि शेवटी ॲक्रिलिकचं मॉडेल दाखवावं लागतं. वर कोल्हापूरच्या वाचकांना सांगितलेली चार स्क्रूची बॅकप्लेट कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या चकला बनव. मग १५, २५, ४०, ६० अशा पिनांवर आधीचा आणि नंतरचा आउट मोज, प्रत्येक पिन पाच-पाच वेळा काढून परत धरून. चावी एकाच भोकातून एकदा आणि बदलून एकदा. हा तक्ता एक्झामिनरसमोर ठेव, त्यावर बोलायला तुझ्याकडे तुझे स्वतःचे आकडे असतील.

प्रश्न : डॉग चकवर जॉब ट्रू करायला फार वेळ जातो, मालक ओरडतात. काही युक्ती? (भोसरी)

दोन चाव्या घ्या, समोरासमोरच्या जॉला एकदम लावा, एका हाताने ढिलं आणि दुसऱ्याने आवळ. नेहमी जोडी धरूनच, एक-तीन पूर्ण संपवा मग दोन-चार. डायल एका जॉसमोर शून्य करायचा, समोरच्या जॉला जो फरक येईल त्याच्या निम्मं सरकवायचं. काटा शेवटच्या दोन-तीन डिव्हिजनमध्ये आला की मग ढिलं करणं बंद, फक्त हाय असलेल्या बाजूचा जॉ आवळायचा. चकच्या फेसवरच्या गोल रेघांवर जॉ आधी डोळ्याने सारखे लावून घ्या, निम्मं काम तिथेच होतं. आणि चावी चकमध्ये ठेवून स्विचला हात नाही. दोन चाव्या असल्या की दोन्ही काढल्यात ना, हे दोनदा बघायचं.

प्रश्न : पातळ रिंगचा बोअर चकमध्ये एकदम गोल येतो, मायक्रोमीटर पण सगळीकडे सारखं दाखवतो, तरी बेअरिंग बसत नाही. (सातारा एमआयडीसी)

थ्री जॉने दाबल्यावर रिंग तीन ठिकाणी आत जाते. तशा अवस्थेत बोअर गोल कापला, आणि जॉ सोडले की रिंग मोकळी होऊन बोअर तीन कोनी होतो. तीन कोनी आकाराला दोन टोकांनी मोजलं तर डायामीटर सगळीकडे जवळजवळ सारखंच येतं, कारण एका बाजूला उंचवटा असतो तिथे बरोबर समोर खोलगट असतं. म्हणून मायक्रोमीटर फसतो. आतून तीन पॉइंटचं बोअर गेज लावा, लगेच दिसेल. बाहेरून बघायचं तर व्ही ब्लॉकवर रिंग ठेवून वरून डायल लावून फिरवा.

उपाय म्हणजे रुंद सॉफ्ट जॉ, जे रिंगला जवळजवळ पूर्ण गोल वेढतील. जॉच्या आतल्या टोकाला एक चकती आवळून, जॉबच्या बाहेरच्या साइजलाच बोअर करा. मोठं कापलं तर प्रत्येक जॉ मध्येच टेकतो, लहान कापलं तर दोन कडांवर टेकतो. रफिंग पूर्ण आवळून करा, मग जॉ सोडा, जेवढ्यास तेवढं परत धरा आणि शेवटचा ०.२ चा कट घ्या. पातळ रिंगांचंच काम रोजचं असेल तर सिक्स जॉ चक बघा, अ‍ॅडजस्टेबलमध्ये पण मिळतो, तोच जोर सहा ठिकाणी वाटला जातो. बेअरिंग मात्र ठोकून बसवू नका, आधी रिंग तपासा.